भाकरी सोडण्यापूर्वी

वजन उतरवायचे तर भाकरी, भात आणि साखर सोडा, हा सल्ला आता गल्लोगल्ली मिळतो. कुणी त्याला ‘लो-कार्ब’ म्हणतो, कुणी ‘पॅलिओ’. गंमत अशी की, दिवसभर खुर्चीत बसणाऱ्याला आणि पहाटे उठून दहा किलोमीटर धावणाऱ्यालाही तो एकाच आवाजात दिला जातो. ज्याचे शरीर रोज राबते, पळते, सायकल मारते, त्याला हा आहार मानवेल का? गेल्या दीडशेहून अधिक वर्षांच्या इतिहासात या प्रश्नाचे उत्तर तुकड्यातुकड्यांनी सापडते.

सुरुवात लंडनमधल्या विल्यम बॅन्टिंग यांच्यापासून करू. अंत्यविधीची व्यवस्था करणे हा त्यांच्या घराण्याचा व्यवसाय. राजघराण्यातली कामेही त्यांच्याकडे असत. उंची पाच फूट पाच इंच आणि ऑगस्ट १८६२मध्ये वजन २०२ पौंड, म्हणजे जवळजवळ ९२ किलो. वाकून बुटाची नाडी बांधता येईना. जिना उतरायचा तर पाठमोरे उतरावे लागे. डॉक्टरांनी व्यायाम सांगितला म्हणून ते पहाटे नाव वल्हवू लागले. अंगात ताकद आली, पण भूक त्याहून जास्त वाढली आणि वजनही वाढले. पुढे कमी ऐकू येऊ लागले म्हणून ते विल्यम हार्वे या कानाच्या डॉक्टरांकडे गेले. हार्वे यांनी पॅरिसला क्लोद बेर्नार यांची यकृत आणि साखर यांच्या नात्यावरची व्याख्याने ऐकली होती. त्यांनी पाव, लोणी, दूध, साखर, बिअर आणि बटाटे बंद करायला सांगितले. वर्षभरात बॅन्टिंग यांचे ४६ पौंड वजन उतरले. त्यांनी १८६३मध्ये स्वखर्चाने एक पुस्तिका छापून लोकांना फुकट वाटली. ती इतकी गाजली, की त्यांच्या आडनावाचे क्रियापद झाले. स्वीडिश भाषेत वजनासाठी पथ्य करण्याला आजही ‘बान्ता’ म्हणतात.

मात्र बॅन्टिंग यांनी पासष्टी गाठली होती. त्यांना मैलोन्‌मैल धावायचे नव्हते. जिना सरळ उतरता आला, यातच त्यांचे समाधान होते. त्यांचा अनुभव खोटा नाही, पण तो धावणाऱ्याचा अनुभव नाही.

मग धान्याशिवाय कष्ट केलेली माणसे कोण? अमेरिकी सैन्यातले लेफ्टनंट फ्रेडरिक श्वाट्का १८७९-८०मध्ये उत्तर ध्रुवाकडच्या बर्फाळ प्रदेशात, बेपत्ता झालेल्या फ्रँकलिन मोहिमेचे अवशेष शोधत हिंडत होते. बरोबर तिथलेच इनुइट लोक आणि कुत्र्यांच्या गाड्या. जवळचा शिधा लवकर संपला. पुढे शिकारीच्या मांसावर त्यांनी हजारो मैल मजल मारली. श्वाट्का यांच्या रोजनिशीत एक मोलाची नोंद आहे. नुसत्या मांसाहारावर सुरुवातीला अंगात त्राण राहत नाही, दमवणारी वाटचाल जमत नाही. पण दोन-तीन आठवड्यांत शरीर रुळते.

असाच दावा विल्यालमर स्टेफान्सन या संशोधक प्रवाशाने केला, तेव्हा शहरी डॉक्टरांचा विश्वास बसेना. म्हणून १९२८मध्ये ते आणि त्यांचे सहकारी कार्स्टन अँडरसन न्यूयॉर्कच्या बेलव्ह्यू रुग्णालयातल्या डॉक्टरांच्या देखरेखीखाली वर्षभर केवळ मांसावर राहिले. दोघेही ठणठणीत राहिले. मात्र सुरुवातीला स्टेफान्सन यांना चरबी काढलेले मांस दिले, तेव्हा ते दोन-तीन दिवसांतच आजारी पडले. चरबी वाढवल्यावर ते बरे झाले. धान्य सोडायचे आणि तूपतेलही सोडायचे, असा दुहेरी उपास करणाऱ्यांनी हे जरूर लक्षात ठेवावे.

इथवर लो-कार्बचे पारडे जड वाटेल. पण ध्रुवावरची चाल संथ आणि लांब पल्ल्याची. घड्याळाशी शर्यत लावणाऱ्याचे काय? बोस्टनच्या डॉक्टरांनी १९२४मध्ये मॅरेथॉन संपवून आलेल्या धावपटूंचे रक्त तपासले. पार गळून गेलेल्यांच्या रक्तातली साखर घसरलेली होती. पुढच्या वर्षी काही धावपटूंना आधी पिष्टमय जेवण आणि वाटेत गोड गोळ्या दिल्या. त्यांच्या रक्तातली साखर टिकली आणि ते बऱ्या अवस्थेत पोहोचले.

यामागचे कारण स्वीडनमध्ये उलगडले. यॉनास बर्गस्ट्रॉम आणि एरिक हुल्टमन हे दोन डॉक्टर एकाच सायकलच्या दोन बाजूंना बसले. प्रत्येकाने एकाच पायाने पायडल मारले, थकून थांबेपर्यंत. मग तीन दिवस पिष्टमय आहार घेतला आणि सुईने मांडीच्या स्नायूचा कण काढून तपासला. राबलेल्या पायात ग्लायकोजेन, म्हणजे स्नायूत साठवलेली साखर, विसावलेल्या पायाच्या जवळजवळ दुप्पट साठली होती. हा प्रयोग १९६६मध्ये प्रसिद्ध झाला. पुढच्या वर्षी त्यांनी सहकाऱ्यांसह दाखवले, की जोरकस सायकल चालवताना कर्बोदके जवळजवळ वगळलेल्या आहारावर माणूस सुमारे ५७ मिनिटे टिकतो, नेहमीच्या मिश्र आहारावर ११४ आणि कर्बोदकांनी भरलेल्या आहारावर १६७ मिनिटे.

आपल्या भाषेत सांगायचे तर, अंगातली चरबी म्हणजे कणगीतले धान्य आणि ग्लायकोजेन म्हणजे डब्यातले पीठ. कणगी भरलेली असली तरी पंगत बसल्यावर दळण दळत बसता येत नाही. तेव्हा डब्यातले पीठच कामी येते. संथ चालीला चरबी पुरते. चढ आला, वेग वाढला, की शरीर पिठाचा डबा उघडते.

पण स्वीडनमधल्या त्या माणसांना नव्या आहाराची सवय व्हायला काहीच दिवस मिळाले होते. श्वाट्कांनी तर दोन-तीन आठवडे सांगितले होते. हा आक्षेप रास्त होता. अमेरिकेत स्टीफन फिनी यांनी १९८३मध्ये पाच कसलेल्या सायकलपटूंना चार आठवडे अगदी कमी कर्बोदकांवर ठेवले. मध्यम वेगात ते सरासरीने पूर्वीइतकेच टिकले. मात्र पाचांतले सगळे सारखे वागले नाहीत. एकाची मजल खूप वाढली, काहींची घटली. ऑस्ट्रेलियात लुईस बर्क यांनी अव्वल दर्जाच्या चालपटूंवर तीन आठवड्यांचा प्रयोग केला. तो २०१७मध्ये प्रसिद्ध झाला. कर्बोदके खाणाऱ्यांची दहा किलोमीटरची वेळ सुधारली, लो-कार्बवाल्यांची सुधारली नाही. त्यांचे शरीर चरबी उत्तम जाळू लागले होते, पण त्याच वेगासाठी त्यांना प्राणवायू जास्त लागत होता. शर्यतीत हा तोटा भारी पडतो.

आता पॅलिओकडे वळू. पॅलिओ म्हणजे पुराश्मयुगातल्या माणसाचा आहार. लोक त्याला लो-कार्बचा सख्खा भाऊ समजतात, पण तसे नाही. बॉइड ईटन आणि मेल्विन कॉनर यांच्या १९८५च्या ज्या लेखाने या विचाराला प्रतिष्ठा दिली, त्यात आदिमानवाच्या ऊर्जेचा सुमारे ४५ टक्के वाटा कर्बोदकांचा धरला होता. ती कंदमुळे, फळे, भाज्या यांतून येणारी. आफ्रिकेतल्या टांझानियातले हाडझा लोक अजूनही शिकार करतात. तेसुद्धा मांसाबरोबर कंद, बोरे आणि भरपूर मध खातात. धान्य तर आदिमानवाने पाहिलेच नव्हते, हेही खरे नाही. गॅलिलीच्या सरोवराकाठी सुमारे २३ हजार वर्षांपूर्वीच्या वस्तीत रानटी सातूचे दाणे आणि त्याचे पिष्ट चिकटलेला दगड सापडला आहे. पॅलिओचा आधुनिक प्रचार करणारे लॉरेन कॉर्डेन यांनीही २००५मध्ये प्रशिक्षक जो फ्रील यांच्यासह खेळाडूंसाठी वेगळे पुस्तक लिहिले. त्यात कठीण सरावाच्या आधी, सरावात आणि नंतर पिष्ट-साखर घेण्याची मुभा दिली. खेळाडूसाठी त्यांनाही नियम सैल करावा लागला.

मग ठरवायचे कसे? आधी आपली मेहनत कोणत्या जातीची आहे ते पाहावे. रोजचे चालणे, हलकी सायकल, सोबत वजन उतरवण्याची गरज असेल तर कर्बोदके कमी करून पाहायला हरकत नाही. पहिले दोन-तीन आठवडे गळाल्यासारखे वाटेल, हे मनात धरून चालावे. मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्सुलिन चालू असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय हा प्रयोग करू नये, कारण साखर धोकादायक रीतीने उतरू शकते. शर्यत धावणारा, फुटबॉल-कबड्डी खेळणारा, चढावर सायकल दामटणारा यांनी कामाच्या दिवशी डब्यातले पीठ रिकामे ठेवू नये. त्यांनी पॅलिओचा साखर-मैदा टाळण्याचा भाग घ्यावा, रताळे, केळे, खजूर मात्र सोडू नये.

आणि दिवसभर ऊस तोडणाऱ्या, डोक्यावर पोती वाहणाऱ्या माणसाला तर हा सल्ला देऊच नये. त्याच्याकडे साठलेली कणगी नसते आणि रोज मांसमच्छी परवडत नाही. फडक्यात बांधलेल्या भाकरीवरच त्याचा दिवस उभा असतो. बॅन्टिंग यांचे पथ्य बॅन्टिंग यांच्या देहाला लागू पडले. आपण आपला देह आणि आपले कष्ट पाहून ताट वाढून घ्यावे.