फोटोमागचे साल

जुन्या फोटोतली माणसे आपण एकमेकांना दाखवतो. वस्तूंबद्दल कोणी विचारत नाही. आमच्या घरच्या फोटोत परदादा शेरवानी आणि रूमी टोपी घालून खुर्चीवर बसले आहेत. शेजारी दादा उभे आहेत आणि खाली थाळीत हुक्का आहे. दादा सांगत, ‘मी पाच-सहा वर्षांचा असताना तंगीत तो विकला.’ विषय तिथेच संपला होता.

फोटोच्या पाठीवर उर्दूत १३५२ लिहिले आहे. अब्बांनी ते हिजरी साल धरले, म्हणजे इ.स. १९३३-३४. मी नीट पाहिले तेव्हा आकड्यापुढे ‘हे’ नव्हे, ‘फे’ दिसला. हैदराबाद संस्थानात सरकारी कामकाज फसली सनाने चाले. फसलीत ५९०-९१ मिळवले की इसवी सन येतो. म्हणजे फोटो १९४२-४३चा. दादांचा जन्म १९२८चा; फोटोतल्या मुलाला मिसरूडही फुटली आहे. मग विकलेला हुक्का तिथे कसा?

तो स्टुडिओचाही असू शकला असता. फोटोवाले खुर्ची, छडी, घड्याळ आपलेच मांडत. तीच वस्तू दुसऱ्या घराण्याच्या फोटोतही दिसली, तर ती स्टुडिओची समजावी. धातूही पाहावा. कृष्णधवल फोटोत पितळ सरसकट करडे दिसते. बिदरी काम काळेभोर दिसते आणि त्यावर चांदीची नक्षी पांढरी उठते. कारण जस्त-तांब्याच्या ओतीव भांड्यात चांदी बसवून ते बीदरच्या किल्ल्यातील माती आणि नवसागराने काळे करतात. पण एका नक्षीच्या अनेक वस्तू बनत. खरी ओळख पटते ती पोचा आणि ओरखड्यांवरून. फुफीकडे एक बिदरी थाळी आहे. तिच्या काठाला पोच आहे आणि त्याशेजारच्या फुलाची चांदी निघाली आहे. भिंगातून पाहिले, तर फोटोतल्या थाळीवरही त्याच जागी तेच.

फुफीला विचारले. ती बराच वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, “बेचे नै थे बेटा, लुट गया.” पोलीस ॲक्शनमध्ये घर लुटले गेले, थाळी चुलीपाशी पिठाखाली होती म्हणून राहिली, असे तिला दादींनी सांगितले होते.

१३ सप्टेंबर १९४८ रोजी फौजा संस्थानात शिरल्या. १७ला निजामाने शरणागती पत्करली. रझाकारांच्या अत्याचारांचा सूड सामान्य मुसलमानांवर उगवला गेला. पंडित सुंदरलाल आणि काझी अब्दुल गफ्फार यांच्या समितीने त्याच वर्षी नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये दौरा केला. सर्वाधिक हानी झालेल्या चार जिल्ह्यांत तिने गुलबर्गा, बीदर, नांदेड यांच्याबरोबर उस्मानाबाद, म्हणजे आजचा धाराशिव, नोंदवला. तो अहवाल कित्येक दशके अप्रकाशित राहिला. आमच्या दादांनीही घरातली गोष्ट तशीच झाकून ठेवली. ‘विकला’ म्हणण्यात इज्जत राहते, असे त्यांना वाटले असावे.

आपल्याकडे बायका पडद्यात असल्याने त्यांचे दागिने फोटोत सहसा येतच नसत. त्यांची हकीकत फक्त दादी-नानींच्या आठवणीत आहे. म्हणून त्या आहेत तोवर फोटो घेऊन त्यांच्यापाशी बसावे. मागे पेन्सिलीने वस्तूचे नाव आणि सांगणाऱ्याचे नाव लिहावे. साल लिहिताना ते फसली, हिजरी की इसवी, हेही लिहावे.