हिपॅटायटिस बी विषाणूचे डीएनए-समाकलन आणि यकृताचा कर्करोग

हिपॅटायटिस बी, म्हणजे लोकांच्या बोलण्यातली ‘पांढरी कावीळ’, या रोगाच्या विषाणूचा डीएनए यकृतपेशीच्या गुणसूत्रात कायमचा सांधला जातो, त्या क्रियेला समाकलन म्हणतात. या विषाणूमुळे होणाऱ्या यकृतकर्करोगाच्या मुळाशी असलेल्या प्रमुख कारणांपैकी हे एक आहे.

विषाणूचा जीनोम अगदी लहान, सुमारे ३,२०० बेस-जोड्यांचा. पेशीकेंद्रकात पोचल्यावर त्याचे पूर्ण बंद वर्तुळ तयार होते. या वर्तुळावरून आरएनए बनतो आणि आरएनएवरून उलट प्रतिलेखनाने पुन्हा डीएनए. ही शेवटची पायरी अधूनमधून फसते व वर्तुळाऐवजी सरळ दोरीसारखा डीएनए तयार होतो. पेशीचे स्वतःचे गुणसूत्र कुठे तुटलेले असेल तर दुरुस्ती करणारी प्रथिने तुटलेली टोके जोडताना हा परका तुकडाही त्यात सांधून टाकतात. एचआयव्हीला गुणसूत्रात शिरल्याखेरीज वाढता येत नाही. हिपॅटायटिस बीच्या विषाणूला त्याची गरज नसते. सांधलेल्या तुकड्यापासून नवा विषाणू तयार होत नाही, पृष्ठभागावरील प्रथिन (एचबीएसएजी) मात्र तयार होत राहू शकते. कर्ज फिटले तरी सातबाऱ्यावरचा बोजा उतरू नये, तसा तो तुकडा पेशीत व तिच्यापासून झालेल्या सर्व पेशींत राहतो.

समाकलन जुनाट आजाराच्या अखेरीस होते असे पूर्वी मानले जाई. पेशीसंवर्धनातील प्रयोगांनी ते संसर्गानंतर काही दिवसांतच घडते हे दाखवले. सुरुवातीला त्याचे प्रमाण साधारण दहा हजार पेशींमागे एक इतके कमी असते. पुढे दाहामुळे पेशी मरत आणि नव्या होत राहतात, तेव्हा ज्या पेशीला समाकलनाचा फायदा झाला तिचा वंश वाढत जातो.

विषाणू व कर्करोग यांचे नाते आधी लोकसंख्येच्या पातळीवर सिद्ध झाले. बारूक ब्लुमबर्ग यांनी १९६० च्या दशकात शोधलेल्या ‘ऑस्ट्रेलिया अँटिजेन’बद्दलच्या (म्हणजेच एचबीएसएजीबद्दलच्या) कामाला १९७६ चे नोबेल मिळाले. तैवानमधील २२,७०७ पुरुषांच्या पाहणीत (१९८१) एचबीएसएजी असलेल्यांना यकृतकर्करोगाचा धोका इतरांच्या २२३ पट आढळला. त्याच सुमारास, १९८० मध्ये, यकृतकर्करोगाच्या पेशींच्या डीएनएत विषाणूचा डीएनए सांधलेला असल्याचे दिसले. २०१२ च्या एका जीनोम-अभ्यासात ८६.४ टक्के गाठींत समाकलन सापडले, शेजारच्या यकृतऊतीत मात्र ३०.७ टक्के नमुन्यांत. गाठींमध्ये काही जनुकांच्या जागा पुनःपुन्हा येतात: टीईआरटी, केएमटी२बी (जुने नाव एमएलएल४) आणि सीसीएनई१. यांतले टीईआरटी सर्वांत बोलके. त्यातून बनणारे आणि प्रौढ यकृतपेशीत बंद असलेले टेलोमरेज विषाणूच्या वर्धक क्रमामुळे पुन्हा चालू होते आणि पेशीच्या विभाजनाची मर्यादा सुटते. याखेरीज गुणसूत्रांची मोडतोड, विषाणूच्या एक्स प्रथिनाचे अपुरे रूप आणि दीर्घ दाह यांचाही वाटा आहे. या विषाणूच्या रुग्णांत सिरॉसिस (यकृत निबर होणे) नसतानाही कर्करोग होऊ शकतो, त्याचे एक कारण समाकलन हेच.

अफ्लाटॉक्सिन हा यकृतकर्करोगाचा दुसरा घटक बुलढाण्यासारख्या मका पिकवणाऱ्या जिल्ह्याने लक्षात ठेवावा असा आहे. ओलसर धान्यावरच्या अस्पर्जिलस बुरशीचे हे विष टीपी५३ जनुकाच्या २४९ व्या कोडॉनमध्ये ठरावीक बदल घडवते. विषाणू व विष एकत्र आले की धोका गुणाकाराने वाढतो. मळणीनंतर मका, भुईमूग नीट वाळवणे हा म्हणूनच यकृताच्या आरोग्याचाही प्रश्न आहे.

नवजात बाळाला हिपॅटायटिस बीचा संसर्ग झाल्यास तो सुमारे ९० टक्के वेळा कायमचा होतो. प्रौढांत हे प्रमाण ५ टक्क्यांहून कमी. समाकलन इतक्या लवकर घडत असेल, तर जन्मानंतरचे पहिले २४ तास फार मोलाचे ठरतात. त्या वेळी बाळाच्या मांडीत ०.५ मिलीची लस टोचतात. पुढील मात्रा सहाव्या, दहाव्या व चौदाव्या आठवड्यात पेंटाव्हॅलंट लसीतून मिळतात. भारतात ही लस २००२ पासून प्रायोगिक स्वरूपात व २०११-१२ पासून देशभर दिली जाते, त्यामुळे आजच्या बहुतेक प्रौढांना ती लहानपणी मिळालेली नाही. बुलढाणा जिल्ह्यातील जळगाव जामोद, संग्रामपूर या तालुक्यांच्या सातपुड्याकडील वस्त्यांत बाळंतपण घरीच झाले तर ही पहिली मात्रा चुकते. आशाताईंना बाळंतपणाची खबर त्याच दिवशी मिळणे म्हणूनच इतके महत्त्वाचे. तैवानने १९८४ मध्ये सार्वत्रिक लसीकरण सुरू केल्यावर ६ ते १४ वर्षांच्या मुलांतील यकृतकर्करोग लाखामागे ०.७० वरून ०.३६ वर आला. हा कर्करोग लसीने टळतो याचा याहून थेट पुरावा कोणता?

टेनोफोव्हिर, एन्टेकाव्हिर ही औषधे विषाणूची वाढ थांबवतात व कर्करोगाचा धोका घटवतात. सांधलेला डीएनए काढून टाकत नाहीत. चिंपांझींवरील एका अभ्यासात (२०१७) रक्तातील एचबीएसएजीचा मोठा भाग समाकलित डीएनएतूनच येत असल्याचे दिसले. त्या तुकड्यांत अभ्यासात तपासलेल्या औषधाने नेम धरलेला भागच नसल्याने त्या औषधाचा परिणाम कमी होत होता. रक्ततपासणीत विषाणू न दिसणे म्हणजे धोका संपणे नव्हे, हे रुग्णाला स्पष्ट सांगायला हवे.

२८ जुलै २०१८ ला सुरू झालेल्या राष्ट्रीय विषाणूजन्य हिपॅटायटिस नियंत्रण कार्यक्रमात तपासणी व औषधे विनामूल्य आहेत. सिरॉसिस असलेल्या किंवा यकृतकर्करोगाचा कौटुंबिक इतिहास असलेल्या रुग्णाने दर सहा महिन्यांनी पोटाची सोनोग्राफी व अल्फा-फिटोप्रोटीन चाचणी करावी. बुलढाणा, खामगाव, शेगाव या भागात सोनोग्राफी होऊ शकते. गाठ दिसल्यावर पुढच्या तपासण्यांसाठी अकोला, छत्रपती संभाजीनगर किंवा नागपूर गाठावे लागू शकते. गाठ दोन-तीन सेंटीमीटरची असताना सापडली तर शस्त्रक्रिया किंवा उष्णतेने ती जाळणे शक्य असते. बाधित व्यक्तीच्या आई, भावंडे, जोडीदार व मुलांचीही एचबीएसएजी तपासणी त्याच वेळी करावी.