कोऱ्या कागदावरची सही

१३ जून १९६२ रोजी सान्तियागो येथे विश्वचषकाचा उपांत्य सामना चालू असता ब्राझीलच्या गारिंशाने चिलीच्या एलादियो रोहास याला लाथ मारली आणि त्याची मैदानावरून हकालपट्टी झाली. तत्पूर्वी त्याने दोन गोल केले होते. ब्राझीलने तो सामना ४-२ असा जिंकला. प्रतिपक्षाने त्याला सामनाभर तुडविले होते हे खरे, परंतु अपराध तो अपराधच. त्या काळी अशा खेळाडूस पुढील सामन्याची बंदी आपोआप होत नसे. प्रकरण शिस्तसमितीपुढे जाई. समिती बसली तेव्हा, ज्याने ती लाथ पाहिली होती तो उरुग्वेचा साहाय्यक पंच चिली सोडून गेला होता. साक्षीदारच नाही, तेव्हा आरोपी समज मिळून सुटला. १७ जून रोजी अंगात ताप असतानाही तो अंतिम सामना खेळला आणि ब्राझीलने चेकोस्लोव्हाकियास ३-१ असे हरवून चषक राखला. वकिलीच्या धंद्यात आयुष्य घालविणाऱ्या आम्हांस या निकालाचे फारसे आश्चर्य वाटत नाही.

मानोएल फ्रान्सिस्को दुश सान्तुश हे त्याचे खरे नाव. गारिंशा हे एका चिमुकल्या पक्ष्याचे. १९३३ साली रिओजवळच्या पाउ ग्रांदे या गिरणीच्या गावी तो जन्मला आणि चौदाव्या वर्षी त्याच गिरणीत कामास लागला. त्याचा एक पाय आत वळलेला, दुसरा बाहेर. असल्या पायांचा मनुष्य उजव्या बगलेने धावू लागला की बचाव करणाऱ्यास तो कोणीकडे वळणार हे कळतच नसे. १९५८ च्या विश्वचषकापूर्वी फ्लोरेन्स येथे त्याने गोलरक्षकासही चकविले आणि समोर मोकळे गोल असता, मागून धावत येणाऱ्यास पुन्हा चकविण्यासाठी तो थांबला! विश्वचषकातील पहिल्या दोन सामन्यांत त्याला वगळण्यात आले. तिसऱ्यात, रशियनांविरुद्ध, तो उतरला आणि चषक ब्राझीलला मिळाला. पेले आणि तो एकत्र खेळले असता ब्राझील कधीही हरले नाही.

सराव चुकवावा, शिबिरातून निसटून गावच्या सोबत्यांबरोबर खेळावे, मद्य प्यावे, हा त्याचा क्रम. त्याचे चाहते त्यास 'जनतेचा आनंद' म्हणत. पोर्तुगीज जाणणाऱ्या गोमंतकीय वाचकांस 'अलेग्रिया दु पोवु' या मूळ शब्दांतील गोडवा सांगावयास नको.

आता दुसरा कागद पाहू. बोटाफोगो हा त्याचा संघ त्याच्याकडून कोऱ्या करारपत्रावर सही घेई आणि रक्कम मागाहून भरी, असे त्याचे चरित्रकार सांगतात. देवस्थानांच्या वहिवाटीचे तंटे पाहिलेल्या आमच्या वाचकांस कोऱ्या कागदावरील सही म्हणजे काय ते ठाऊक आहे. शिवाय तेथील वहिवाटीप्रमाणे करार संपला तरी खेळाडूच्या बदलीचा हक्क संघाकडेच राही. तेव्हा रागावून जाणार कोठे? १९६३ साली त्याने वेतनवाढ मागितली, सरावास जाणे सोडले. उलट संघाने त्यालाच दंड केला. त्याचे गुडघे झिजले होते, पण शस्त्रक्रिया १९६४ पर्यंत लांबली. १९६६ साली त्याला कोरिन्थियान्स संघास विकण्यात आले. त्याच वर्षी हंगेरीविरुद्धचा सामना ब्राझीलने १-३ असा गमावला; राष्ट्रीय संघातून खेळताना त्याच्या वाट्यास आलेला हा एकमेव पराभव, आणि तोच त्याचा तेथील शेवटचा सामना. त्याच्या लहरीपणाची नोंद सर्वांनी ठेवली. त्या कोऱ्या कागदांची तपासणी मात्र कोणत्याही समितीने केली नाही, आणि येथे साक्षीदार पळून गेलेला नव्हता.

१९७३ च्या डिसेंबरात माराकाना मैदानावर त्याच्या मदतीसाठी निरोपाचा सामना झाला. लाखाहून अधिक लोक आले. २० जानेवारी १९८३ रोजी मद्याने पोखरलेल्या देहाने तो रिओत वारला. खेळाडूच्या बदलीवरील संघाचा तो हक्क रद्द करणारा कायदा ब्राझीलमध्ये १९९८ साली झाला. त्या वेळी क्रीडामंत्री पेले होते, आणि तो कायदा त्यांच्याच नावाने ओळखला जातो.