शेहेचाळीस वर्षांनी आलेले पत्र



समा आणि फत्तेगंज हा आपला परिसर लष्कराच्या शेजाराने वाढलेला. ईएमईवरून आपले रोजचे येणेजाणे, त्यामुळे युद्धाची आठवण म्हटली की आपल्या डोळ्यांपुढे वर्दी येते. पण १९६५च्या युद्धात गुजरातने गमावलेले सर्वांत मोठे नाव वर्दीतले नव्हते. ते होते मुख्यमंत्री बळवंतराय मेहता. ज्यांच्या समितीने १९५७ साली पंचायत राज्याची शिफारस केली, तेच हे.

१९ सप्टेंबर १९६५. मिठापूरची सभा आटोपून मेहता बीचक्राफ्ट विमानाने कच्छच्या सीमेकडे निघाले. बरोबर पत्नी सरोजबेन, तीन कर्मचारी आणि एक पत्रकार. विमान चालवत होते राज्य सरकारचे मुख्य वैमानिक जहांगीर इंजिनीयर, हवाई दलाचे माजी प्रमुख अस्पी इंजिनीयर यांचे भाऊ. कराचीकडून आलेल्या सेबर विमानाने त्यांना गाठले. सेबरमध्ये होता तरुण पाकिस्तानी वैमानिक कैस हुसेन. पुढे त्यानेच सांगितले की, बीचक्राफ्टने पंख हलवून दयेची खूण केली होती. विमान नागरी आहे हे त्याने नियंत्रण कक्षाला कळवले. तरी हुकूम आला, पाडा. सुथरी गावाजवळ विमान कोसळले आणि आतले आठही जण गेले. चारच दिवसांनी, २३ सप्टेंबरला, युद्धबंदी झाली. चार दिवस!

ही गोष्ट इथेच संपली असती. पण २०११ साली, म्हणजे शेहेचाळीस वर्षांनी, हुसेन यांनी जहांगीर इंजिनीयर यांच्या मुलीला ईमेलने पत्र पाठवले. आपण हुकूम पाळला, मनात द्वेष नव्हता, पण जे जीव गेले त्यांचे दुःख वाटते, अशा आशयाचे. त्याला काटेकोर अर्थाने माफीनामा म्हणता येणार नाही, कारण हुकुमाची ढाल त्यात आहेच. तरीही माझ्या मते ते पत्र मोठे आहे. त्यांच्यावर कोणाची सक्ती नव्हती. गप्प राहिले असते तरी चालले असते.

त्या मुलीने उत्तर दिले. त्या घटनेने आमच्या आयुष्याची दिशाच बदलली, पण ज्याच्या हातून वडील गेले त्याच्याविषयी आम्ही कधी कटुता धरली नाही, असे तिने लिहिले. ही कन्या पारशी घरातली, आणि पत्र लिहिणारा मुसलमान. आपण ख्रिस्ती लोकांनी हे जरा नीट वाचावे.

क्षमेविषयी बोलताना आपण बहुधा दुखावलेल्यालाच उपदेश करतो: तू सोडून दे, तू विसर. मत्तय ५:२३-२४ मात्र दुसऱ्याच माणसाशी बोलते. आपल्याविरुद्ध भावाच्या मनात काही आहे हे ज्याला वेदीपाशी आठवते, त्याला प्रभू येशू अर्पण तिथेच ठेवून आधी जायला सांगतो. म्हणजे पहिले पाऊल त्याने टाकायचे आहे, ज्याच्या हातून घडले. आणि किती उशीर झाला तर जाऊ नये, हे त्या वचनात कुठेच नाही.

येत्या रविवारी मध्यस्थीच्या प्रार्थनेत सुथरीजवळ गेलेल्या त्या आठ जणांच्या कुटुंबांची आठवण करू या. सीमेच्या दोन्ही बाजूंना आज हुकुमाची वाट पाहत बसलेल्या तरुण वैमानिकांचीही.