शुक्रवारची सुट्टी आणि प्रयोगशाळेतली वीज

ठाण्याच्या वागळे इस्टेटीत, डोंबिवली-अंबरनाथच्या एमआयडीसीत आठवड्याची सुट्टी शुक्रवारी असते. पुण्याकडे भोसरी-पिंपरीला गुरुवारी. आमच्यासारख्या या पट्ट्यात वाढलेल्यांना त्यात काही नवल वाटत नाही, पण बाहेरून आलेला माणूस हमखास विचारतो, शुक्रवारच का? माझ्या एका सहकाऱ्याची तर ठाम समजूत होती की हा संतोषी मातेचा प्रताप! (तो सिनेमा १९७५ चा. म्हणजे काळ तसा जुळत होता म्हणायचा.) खरं कारण विजेचं आहे, आणि ते इतकं साधं आहे की कुणी सांगायच्या भानगडीत पडत नाही.

राज्यातले सगळे कारखाने रविवारी बंद राहिले तर रविवारी वीज पडून राहणार आणि उरलेले सहा दिवस तिची ओढाताण होणार. वीज काही पिंपात भरून ठेवता येत नाही. ज्या क्षणी लागते त्याच क्षणी ती तयार व्हावी लागते. मग वीज मंडळाने सुट्ट्याच वाटून टाकल्या. एका भागाला गुरुवार, एकाला शुक्रवार, एकाला आणखी कुठला वार. कामगारांच्या तोंडी याला ‘स्टॅगरिंग’ हा शब्द होता. माझे बाबा वागळे इस्टेटीत टूलरूमला होते, त्यांच्या तोंडून मी तो पहिल्यांदा ऐकला, आणि बरीच वर्षं मला वाटत होतं की हे कुठल्या तरी युनियनचं नाव असावं.

या व्यवस्थेत एकही युनिट वाचत नाही, हे लक्षात घ्या. लेथ सहा दिवस चालायचा, सहाच दिवस चालतो. वाचतं ते काय, तर ऐन गर्दीच्या वेळेसाठी लागणारं जास्तीचं वीजकेंद्र. आता त्याची किंमत कोणी दिली? तर शुक्रवारी बाबा घरी आणि आम्ही भावंडं शाळेत. रविवारी आम्ही घरी आणि बाबा डबा घेऊन सायकलवर. आमच्या आतेभावंडांना आठवत असेल, गडकरीला बालनाट्य असो की मामाच्या घरची मुंज असो, आमच्याकडून आई आणि आम्ही. लोकांना वाटायचं, बाबा माणूसघाणे आहेत. वर्षाचे ५२ रविवार, आणि बाबांची नोकरी ३१ वर्षांची. गुणाकार तुम्हीच करा. मीटरवर हा आकडा कुठेच दिसत नाही.

असो. मी भौतिकशास्त्र शिकवण्यात आयुष्य काढलं, कल्याण-डोंबिवलीकडच्या एका कॉलेजात, मुंबई विद्यापीठाच्या छत्राखाली. त्यामुळे विजेची बचत हा विषय माझ्या मागे दोन्ही बाजूंनी लागला, घरून आणि कामावरून. निवृत्तीनंतर जुने कागद चाळताना जाणवलं की बचत म्हणजे कमी वापरणं असं आपण पोरांना शिकवतो खरं, पण आपल्या भागाचा इतिहास बघितला तर बचत बहुतेक वेळा माणसांची वेळ सरकवून झाली आहे.

याची मोठी उदाहरणंही आहेत. दुसऱ्या महायुद्धात १ सप्टेंबर १९४२ ते १५ ऑक्टोबर १९४५ या काळात हिंदुस्थानची घड्याळं चक्क एक तास पुढे होती. कल्पना मूळ युरोपातली. जर्मनीने १९१६ साली कोळसा वाचवायला ती पहिल्यांदा देशभर लागू केली. माणसं तासभर आधी उठली की संध्याकाळचा दिवा तासभर उशिरा लागतो, इतकाच त्यातला हिशेब.

संध्याकाळ हेच विजेचं खरं दुखणं. कारखाने पूर्ण थांबलेले नसतात आणि घरोघरी दिवे, पंखे, टीव्ही सुरू होतात. ही गर्दी भागवायला महाराष्ट्राकडे कोयना आहे. जलविद्युतचं जनित्र काही मिनिटांत चालू होतं, कोळशाच्या बॉयलरसारखी तासन्‌तास वाट बघावी लागत नाही. पण कोयनेचं पाणी पश्चिमेकडे वळवायला कृष्णा लवादाची वर्षाला ६७.५ टीएमसीची मर्यादा आहे. म्हणजे ते जपून, संध्याकाळसाठी राखूनच वापरायचं. दुसरा उपाय आपल्या शहापूर तालुक्यात आहे, आणि ठाण्याच्या किती लोकांना तो ठाऊक आहे कोण जाणे! घाटघरला वर एक जलाशय, खाली चोंढ्याला दुसरा, आणि मध्ये डोंगराच्या पोटात वीजघर. प्रत्येकी १२५ मेगावॅटचे दोन संच. विजेला मागणी नसेल तेव्हा पाणी वर चढवायचं, संध्याकाळी खाली सोडून वीज करायची. २००८ पासून हे चाललं आहे. यात साधारण पाव वीज वाया जाते, पण सोय अशी की कुणाच्या बाबांचा रविवार जात नाही.

तर २००५ च्या सुमाराला राज्याकडे यातलं काहीच पुरेसं नव्हतं. दाभोळचा एन्रॉनचा प्रकल्प २००१ च्या मे महिन्यात बंद पडलेला, नव्वदच्या दशकात दुसरी मोठी केंद्रं पुरेशी उभी राहिली नाहीत, आणि मागणी तर वाढतच होती. ६ जून २००५ ला वीज मंडळाच्या कंपन्या झाल्या, पण कंपन्या झाल्या म्हणून काही मेगावॅट वाढत नाहीत. दोनेक वर्षांत ऐन वेळची तूट ४ ते ५ हजार मेगावॅटवर गेली. मुंबई शहर भारनियमनातून वगळलेलं. बाकी शहरांना रोजचे काही तास, आणि खेड्यांना त्याहून कितीतरी जास्त. आमच्याकडचे लोक तक्रार करायचे तेव्हा मी मुरबाडच्या पलीकडून येणाऱ्या विद्यार्थ्यांना बोलायला लावायचो. मग तक्रार करणारे गप्प व्हायचे.

आमच्या विभागात तेव्हा एक छोटा इलेक्ट्रॉनिक्सचा प्रमाणपत्र अभ्यासक्रम होता, संध्याकाळी ६ ते ८. येणारे बहुतेक एमआयडीसीतले हेल्पर, फिटर. बारावी अर्धवट सोडलेले, सर्किट वाचता आलं तर पगार वाढेल या आशेवर आलेले. नेमके त्याच वेळी दिवे जायला लागले. सोल्डरिंग आयर्न गार, ऑसिलोस्कोप बंद. मेणबत्तीत मी ट्रान्झिस्टर शिकवला आहे, पण प्रॅक्टिकल कसं करणार? कॉलेजने इन्व्हर्टर घेतला तो ऑफिससाठी. इन्व्हर्टरची गंमत अशी की बॅटरी भरताना आणि ती वापरताना मिळून चांगली पाव-तृतीयांश वीज उडून जाते, आणि दिवे आले की सगळ्या गावातले इन्व्हर्टर एकदम भरायला लागतात. म्हणजे भारनियमनाने मागणी कमी झाली असं कागदावर दिसायचं, आणि प्रत्यक्षात ती तासाभराने व्याजासकट परत यायची.

वर्ग ३४ वरून ११ वर आला. तेव्हा एका मुलानेच सुचवलं, “सर, शुक्रवारी आम्हाला सुट्टी असते. सकाळी घ्या की.” जी सुट्टी मला लहानपणी शत्रू वाटायची ती अशी कामाला आली! प्राचार्यांनी प्रथम वर्षाची एक बॅच मंगळवारी हलवली आणि शुक्रवारी सकाळी ९ ते १२ प्रयोगशाळा आम्हाला मिळाली. पोरं आंघोळ करून, इस्त्रीचे शर्ट घालून यायची. ११ चे २६ झाले. मात्र त्यातल्या दोघातिघांना लहान मुलं होती, आणि ती मुलं त्या वेळी शाळेत. रविवारी बाप कामावर, शुक्रवारी बाप कॉलेजात. तो अभ्यासक्रम पुढे तीन वर्षं चालला आणि मग मान्यतेच्या कागदपत्रांत संपला.

वेळ न सरकवता खरोखर कमी वापरणं, ही दुसरी बाजू. पुण्याच्या ‘प्रयास’चे गिरीश संत आणि त्यांचे सहकारी हेच नव्वदच्या दशकापासून आकडे मांडून सांगत होते, की नवं केंद्र बांधण्याआधी तीच सेवा कमी विजेत देता येते का ते बघा, कित्येकदा ते स्वस्त पडतं. संत २०१२ साली अकाली गेले. त्यांचे लेख मी वर्गात वाचून दाखवत असे. मग आम्ही तृतीय वर्षाच्या मुलांकडून आमचीच प्रयोगशाळा मोजून घेतली. १४ ट्यूबलाइट. नळी ४० वॉटची, पण जुना तांब्याचा चोक १२ ते १५ वॉट नुसता गरम व्हायला खातो, हे फार कमी जणांना ठाऊक असतं. म्हणजे एकेक दिवा ५५ वॉटचा. १० पंखे, ७५ वॉटचे. शेजारच्या खोलीत २० संगणक, तेही जुने फुगीर काचेचे मॉनिटर असलेले. त्यावर रात्रंदिवस मासे पोहत असायचे. स्क्रीनसेव्हर लावला की वीज वाचते ही त्या काळातली सार्वत्रिक अंधश्रद्धा! मुलांनी मीटर लावून दाखवलं की मासा पोहायलाही जवळजवळ तेवढीच वीज लागते. मॉनिटर बंद करणं हाच उपाय. त्या प्रकल्पाचा सगळ्यात मोठा परिणाम काय झाला असेल तर आमचा शिपाई संध्याकाळी फेरी मारून मासे मारू लागला. (हे त्याचेच शब्द.)

आज त्याच खोलीत २० वॉटचे एलईडी आणि ३० वॉटचे नव्या मोटरचे पंखे आहेत. दिव्यांचे ७७० वॉट होते ते २८० झाले, पंख्यांचे ७५० होते ते ३००. यात आमचं कर्तृत्व थोडं, बाजाराचं जास्त. सरकारी कंपनीने एलईडी बल्ब घाऊक भावात घ्यायला सुरुवात केली तेव्हा, २०१४ मध्ये, एका बल्बला ३१० रुपये पडत. २०१६ मध्ये तोच ३८ रुपयांवर आला. इतक्या वेगाने स्वस्त झालेली दुसरी उपयोगी वस्तू मला पटकन आठवत नाही.

वेळ सरकवण्याचं आकर्षण मात्र विद्वानांना अजून आहे. बंगळूरच्या राष्ट्रीय प्रगत अध्ययन संस्थेतले दिलीप आहुजा, सेनगुप्ता आणि अग्रवाल यांनी २००७ साली मांडलं की भारताचं घड्याळ कायमचं अर्धा तास पुढे करा. पुढे त्यांनी केलेल्या हिशेबात वर्षाला २ अब्जांहून जास्त युनिटं वाचतात. मला तो अभ्यास आवडतो, पण तो वाचताना माझ्यातला ठाणेकर जागा होतो. प्रमाणवेळेची रेषा ८२.५ अंशांवर, आपण ७३ वर. म्हणजे आपला सूर्य आत्ताच ३८ मिनिटं उशिरा येतो. जानेवारीत ठाण्यात तो सव्वासातला उगवतो, आणि आमच्याकडचं पहिलं लेक्चर ७ ला असतं. आत्ताच दिवे लावून सुरू होतं. घड्याळ अर्धा तास पुढे गेलं तर सूर्योदय पावणेआठला, म्हणजे पहिलं लेक्चर अख्खं अंधारात. कसारा-टिटवाळ्याहून पाचची लोकल पकडणाऱ्या मुलींचं काय, हा प्रश्न तर युनिटांत मोजताच येत नाही. ईशान्य भारताला याचा फायदा आहे, तो मी नाकारत नाही.

१२ ऑक्टोबर २०२० चा सोमवार अनेकांना आठवत असेल. कळवा-पडघे ही ४०० केव्हीची वाहिनी आपल्याच जिल्ह्यातली. तिच्यात बिघाड झाला आणि सकाळी दहाच्या सुमाराला मुंबई, ठाणे, नवी मुंबई एकदम अंधारात. लोकल जागच्या जागी. करोनामुळे विद्यापीठाच्या अंतिम वर्षाच्या परीक्षा तेव्हा ऑनलाइन चालू होत्या, त्या दिवशीचे पेपर पुढे ढकलावे लागले. वर्षानुवर्षं भारनियमनातून सुटलेल्या मुंबईकर विद्यार्थ्यांना फोनची बॅटरी जपत बसणं म्हणजे काय ते त्या दिवशी कळलं. आमच्या मुलांना त्याचा अनुभव होता. :)

आता चक्र उलटं फिरलं आहे. सौर वीज वाढली, त्यामुळे दुपारी वीज मुबलक आणि सूर्य मावळला की टंचाई. केंद्राच्या २०२३ च्या नियमांनुसार सौर तासांतला दर नेहमीपेक्षा निदान २० टक्के कमी हवा. मोठ्या उद्योग-व्यापारी ग्राहकांसाठी १ एप्रिल २०२४ आणि शेती सोडून बाकीच्यांसाठी १ एप्रिल २०२५ ही मुदत ठरली. विभागातले माझे जुने सहकारी ऊर्ध्वपातनाचा प्लांट, ओव्हन, बॅटऱ्या भरणं हे सगळं आता दुपारी बारा ते तीनमध्ये उरकतात. यंत्रांची वेळ सरकवली, माणसांची नाही, म्हणून मला ते पटतं. गच्चीवर पॅनेलही बसली आहेत. पण सकाळी ७ च्या प्रॅक्टिकलला त्यांचा उपयोग शून्य, आणि ती बॅच दुपारी न्यायची तर बारा ते पाचच्या ज्युनिअर कॉलेजच्या तुकड्या कुठे बसवायच्या, यावर तिथे दोन महिने बैठका चालल्या आहेत. मी निवृत्त, त्यामुळे मला फक्त चहाला बोलावतात. गेल्या बैठकीत एकाने सुचवलं की दुपारची बॅच रविवारी ठेवू, इमारत रिकामीच असते. मी चहा ठेवला आणि बाबांच्या ५२ गुणिले ३१ चा हिशेब फळ्यावर लिहिला. सूचना मागे घेतली गेली.