ओढणारें चाक आणि वळणारें चाक

यंत्रांचा इतिहास लिहिला जातो तो बहुधा त्यांच्या विजयांचा. त्यांच्या खोडींचा इतिहास सहसा कोणी लिहीत नाहीं. वस्तुतः एखाद्या रचनेनें कोणता सौदा केला, त्यांत काय मिळविलें आणि त्याची किंमत पुढें कोणी मोजली, हें तिच्या खोडींवरूनच उत्तम कळतें. पुढच्या चाकांनीं ओढल्या जाणाऱ्या मोटारीची अशीच एक प्रसिद्ध खोड आहे. एंजिन जोरकस असावें, हाकणाऱ्यानें वेगासाठीं पाय एकदम दाबावा, आणि हातांतील सुकाणूचक्र आपोआप एका बाजूस खेंचलें जावें. रस्ता सरळ, हात सरळ, तरी गाडी भलतीकडे जाऊं पाहते. इंग्रजींत हिला ‘टॉर्क स्टिअर’ म्हणतात. आपण ‘पिळाची ओढ’ म्हणूं. ही खोड कारागिराच्या हयगयीची संतति नसून जाणूनबुजून काढलेल्या एका कर्जाचें व्याज आहे, हें दाखविण्याचा आमचा हेतु आहे.

एकाच चाकानें ओढावेंहि आणि वळावेंहि, ही कल्पना आजच्या मोटारीहून जुनी आहे. फ्रान्समध्यें १७७० च्या सुमारास निकोला-जोसेफ क्यून्यो यानें तोफा वाहण्यासाठीं तीन चाकांची वाफेची गाडी केली. तींत पुढचें एकच चाक गाडी ओढी आणि तेंच वळे. अवजड बाष्पपात्रहि त्याच्यापुढें टांगलेलें असून त्याच्याबरोबरच फिरे. ही गाडी आजहि पॅरिसच्या संग्रहालयांत पाहावयास मिळते. तिच्याकडे पाहिलें कीं एका अवयवावर दोन कामें सोपविल्यास तीं एकमेकांच्या आड कशीं येतात, हें निराळें सांगावें लागत नाहीं. पुढें मोटारी करणारांपैकीं बहुतेकांनीं कामांची वांटणी केली: पुढचीं चाकें वळतील, मागचीं ढकलतील.

या वांटणीला फांटा देऊं पाहणारांपुढें पहिली अडचण आली ती सांध्याची. वळणाऱ्या चाकापर्यंत फिरता दांडा न्यावयाचा, तर वांकूनहि फिरत राहणारा सांधा हवा. हूकच्या नांवानें ओळखला जाणारा सतराव्या शतकांतला सांधा वांकतो खरा, पण वांकला कीं प्रत्येक फेऱ्यांत दोनदां त्याची गति कमीजास्त होते आणि चाक थरथरूं लागतें. १९२६ सालीं फ्रान्समध्यें पिएर फनाय आणि झां-आल्बेर ग्रेग्वार यांनीं समगतीचा ‘ट्राक्टा’ सांधा पुढें आणला. त्याच दशकांत अमेरिकेंत आल्फ्रेड र्झेपा यानें पोलादी गोळ्यांचा सांधा काढला. १९३१ मध्यें जर्मनींत डी. के. डब्ल्यू. आणि १९३४ मध्यें फ्रान्समध्यें सिट्रोएन यांच्या गाड्यांनीं ही रचना सामान्य ग्राहकापर्यंत नेली. सिट्रोएनच्या गाडींत एंजिन लांबीच्या दिशेनें असून गिअरपेटी त्याच्यापुढें होती. त्यामुळें चाकांकडे जाणारे दोन्ही दांडे जवळजवळ सारख्या लांबीचे होते. रचना लांबलचक होती, पण समतोल होती.

हा समतोल पुढें मोडला तो जागेच्या लोभानें, आणि तो लोभ सर्वथा समर्थनीय होता. १९५९ सालीं इंग्लंडांत अॅलेक इसिगोनिस यानें आपल्या ‘मिनी’ गाडींत एंजिन आडवें बसविलें आणि गिअरपेटी त्याच्या पोटाखालीं घातली. १९६४ मध्यें इटलींत डान्टे जाकोसा यानें आउटोबियांकी प्रिमुला या गाडींत गिअरपेटी आडव्या एंजिनाच्या टोंकास जोडली. ही मांडणी सोपी व स्वस्त ठरली. १९६९ च्या फिआट १२८ नें ती रूढ केली, आणि पुढें जगांतील बहुतेक लहान मोटारींनीं ती उचलली. आपल्याकडे १९८३ अखेर आलेली मारुति ८०० ही त्याच कुळांतली. चार माणसांचें कुटुंब आणि त्याचें सामान लहानशा गाडींत मावूं लागलें, याचें मोठें श्रेय या मांडणीला आहे. मात्र गिअरपेटी एका बाजूस गेल्यामुळें एक दांडा लांब व दुसरा आंखूड झाला. कर्ज काढलें गेलें तें येथें.

आतां खोडीचें मर्म पाहूं. पीळ वाहणारा दांडा चाकाशीं सरळ रेषेंत असतो तोंवर तो चाकास केवळ फिरवितो. सांध्यांत कोन पडला कीं त्या पिळाचा कांहीं अंश चाकास वळविण्याकडे जातो. कोन मोठा, तितका हा अंशहि मोठा. जोरानें वेग घेतांना गाडीचें नाक उचललें जातें. तेव्हां लांब दांड्याचा कोन थोडा बदलतो, आंखुडाचा बराच. दुसरें कारण असें कीं, चाक ज्या कल्पित आंसाभोंवतीं वळतें तो चाकाच्या मध्यापासून कांहीं अंतर आंत असतो. तेवढ्या अंतराची तरफ करून चाकाची ओढच त्यास वळवूं पाहते. बैलजोडी सारखी ओढीत असली तर जूं सरळ राहतें. एका बैलानें अधिक जोर केला कीं तें तिरकें होतें. येथेंहि दोन्ही बाजू समान असतील तर त्या एकमेकींस निष्प्रभ करतात. विषम झाल्या कीं उरलेला फरक हातास जाणवतो.

एंजिनें दुबळीं होतीं तोंवर हा फरक कोणाच्या लक्षांत येण्याजोगा नव्हता. १९७६ च्या गोल्फ जी. टी. आय. ची शक्ति ११० अश्वशक्ति होती. पुढें टर्बो आले आणि आंकडा दोनशेंपलीकडे गेला; १९९९ च्या साब ‘व्हिगेन’ची ओढ तर अपकीर्तीस पावली. २००२ च्या फोर्ड फोकस आर. एस. मध्यें पकड असलेल्या चाकाकडे अधिक पीळ धाडणारें डिफरेन्शियल घातलें. त्यानें चाकाचें व्यर्थ फिरणें आवरलें; पण दोन चाकांच्या ओढींतील अंतर वाढून खडबडीत रस्त्यावर सुकाणू हिसके देऊं लागलें.

कर्ज फेडण्याचे खरे मार्ग दोन. लांब दांड्याचे दोन भाग करून आंतला भाग एंजिनास बांधलेल्या बेअरिंगवर धरावा, म्हणजे बाहेरचे दांडे समान होतात. दुसरा मार्ग म्हणजे वळणारा भाग स्प्रिंगच्या खांबापासून वेगळा करून वळण्याचा आंस चाकाच्या मध्याजवळ आणणें. २००४ मध्यें रेनोनें मेगान आर. एस. मध्यें, २००९ मध्यें फोर्डनें ३०५ अश्वशक्तीच्या फोकसमध्यें आणि २०१७ मध्यें होंडानें ३२० अश्वशक्तीच्या सिव्हिकमध्यें हें साधलें. ओढणें व वळणें हीं कामें एकाच चाकाकडे राहिलीं, पण एकमेकांच्या वाटेंतून दूर झालीं.

तिसराहि एक मार्ग आहे: विजेच्या सुकाणूनें उलट जोर लावून ओढ हातास जाणवूं न देणें. तो सोयीचा आहे, आणि थकलेल्या हातास त्याचा आधारहि वाटतो. परंतु पहिल्या दोन मार्गांनीं कर्ज उतरतें, तिसऱ्यानें तें केवळ वहींत दिसेनासें होतें. ओल्या रस्त्यावर एका चाकाची पकड सुटूं लागली, तर तिची पहिली वर्दी पुष्कळदां त्या ओढींतूनच मिळते. ती वर्दी दाबून टाकावयाची तर तिच्याऐवजीं हाकणाऱ्यास दुसरें काय दिलें, हा प्रश्न रचनाकारास विचारलाच पाहिजे. खोड काढून टाकणें आणि खोडीस गप्प करणें, या दोहोंत फार मोठें अंतर आहे.