टाचणाची परंपरा

शिक्षकमित्रांना टाचण म्हणजे काय हे सांगायला नको. उद्याच्या तासाचे मुद्दे वहीत उतरवायचे, प्रत्येक मुद्द्याखाली पोटमुद्दे थोडे आत सरकवून लिहायचे, डावीकडे १, २, ३ किंवा अ, आ, इ घालायचे, झाले टाचण. पुष्कळांना हे काम तपासणीसाला दाखवण्यापुरते वाटते. मला मात्र वाटते की, माणसाने माहिती सांभाळण्यासाठी जी साधने शोधली त्यांत याच्याइतके स्वस्त आणि टिकाऊ साधन दुसरे नाही. त्याला चित्र लागत नाही, आखीव कागद लागत नाही, शाईचे रंग लागत नाहीत. खडूने फळ्यावर लिहा, कोळशाने भिंतीवर लिहा, की आजच्या मोबाइलवर साधी अक्षरे उमटवा. वरचे काय आणि त्याच्या पोटातले काय, एवढे कळले की काम भागते. इतकेच काय, ते न लिहिताही चालते.

न लिहिता कसे चालेल, असे तुम्ही म्हणाल. त्यासाठी जिवतीला चला. माणिकगडच्या डोंगरांवरचा हा चंद्रपूर जिल्ह्याचा तालुका. गोंड आणि कोलाम इथले जुने रहिवासी. गोंडाच्या घरी पाहुणा आला की आधी आडनाव विचारतात आणि मग विचारतात, किती देवांचे? कुणी सातदेवे, कुणी सहादेवे, कुणी पाचदेवे, कुणी चारदेवे. या एकेका गटाला सगा म्हणतात. सग्याच्या पोटात कुळे आणि कुळांच्या पोटात घराणी. एका सग्यातली माणसे एकमेकांची भाऊबंद, त्यांच्यात सोयरीक होत नाही. म्हणजे आपली जागा कळली की लग्न कुठे जमेल आणि कुठे जमणार नाही, हे आपोआप कळते. हे सारे तोंडी जपले ते परधानांनी. किकरी हे तंतुवाद्य वाजवीत ते आपल्या यजमानाच्या कुळाची कथा आणि वंशावळ सांगतात. हायमेनडॉर्फ नावाच्या अभ्यासकाने शेजारच्या आदिलाबादच्या राजगोंडांवर १९४८ साली इंग्रजीत मोठे पुस्तक प्रसिद्ध केले. त्याने कागदावर मांडलेली ही रचना परधानांच्या मुखी आधीपासूनच नांदत होती.

आता हीच रीत लिहिलेल्या मराठीत कशी दिसते ते पाहू. त्यासाठी अमरावती जिल्ह्यातल्या ऋद्धपूरला जायला हवे. तेराव्या शतकाच्या उत्तरार्धात म्हाइंभटांनी तिथे लीळाचरित्र सिद्ध केले. चक्रधरस्वामींच्या आठवणी त्यांनी गावोगाव हिंडून, ज्याने पाहिले-ऐकले त्याच्याकडून गोळा केल्या. आठवणी शेकड्यांनी होत्या. त्या एका लांबलचक कथेत न गुंफता त्यांनी एकेक लीळा सुटी ठेवली आणि एकांक, पूर्वार्ध, उत्तरार्ध अशा भागांत क्रमाने लावली. पुढे, महानुभावांची परंपरा सांगते त्याप्रमाणे, खिलजीच्या स्वारीनंतरच्या धामधुमीत मूळ पोथी नाहीशी झाली. मग शिष्यांनी स्मरणाने ती पुन्हा उभी केली. माझ्या मते हे शक्य झाले त्याचे एक मोठे कारण ही सुटी, क्रमवार रचना. ज्याला जी लीळा आठवली ती त्याने सांगितली आणि ती आपल्या जागी बसली. निरनिराळ्या प्रतींत लीळांची संख्या आणि क्रम यांत फरक पडतो हे खरे. पण ग्रंथ वाचला.

त्याच पंथातल्या केसोबासांनी स्वामींची वचने निवडून सूत्रपाठाची प्रकरणे लावली. त्यांच्या दृष्टांतपाठात एकशे चौदा दृष्टांत आहेत, आणि आधी सूत्र, मग दृष्टांत, मग त्याचा लावलेला अर्थ, असा साचा ठरलेला आहे. सतराव्या शतकात समर्थ रामदासांनी दासबोध रचला तो वीस दशकांचा, दर दशकात दहा समास. त्यातल्या एकोणिसाव्या दशकाचा पहिलाच समास लेखन कसे करावे यावर आहे. दोनशे समासांपैकी हवा तो समास काढायला दोन आकडे पुरतात.

देवाधर्माच्या पोथ्यांत होते तेच दप्तरातही होते. मोडीतले जुने हिशेब आणि करारमदार पाहिले तर कलम, तपशील, पैकी, एकूण हे शब्द पदोपदी भेटतात. यातला ‘पैकी’ हा शब्द मला फार मोलाचा वाटतो. वर एक रक्कम, तिच्याखाली ‘पैकी’ म्हणून तिचे भाग. भागांची बेरीज वरच्या रकमेशी जुळली नाही तर काहीतरी राहिले किंवा लपले, हे पाहणाऱ्याला लगेच कळते. तुमच्या घरच्या सातबाऱ्यातही तीच रीत आहे. जिल्हा, तालुका, गाव, भूमापन क्रमांक आणि त्याच्या पोटात पोटहिस्सा. पोटहिस्सा हा शब्द तरी पोटमुद्द्याहून कुठे वेगळा आहे?

परंतु इथे एक गोष्ट ध्यानात घ्या. कागदावर आपण कोणत्या मथळ्याखाली येतो, यावर माणसाचे पुष्कळ काही अवलंबून असते. राजुरा तालुका, ज्यात तेव्हा जिवतीचा मुलूख होता, हैदराबाद संस्थानाच्या आदिलाबाद जिल्ह्यात होता. १९५६ साली तो नांदेड जिल्ह्यात आला, १९५९ साली चांदा जिल्ह्यात. डोंगर तिथेच, नाले तिथेच. वरचा मथळा मात्र दोनदा बदलला. सीमेवरची परमडोली, मुकदमगुडा अशी गावे तर दोन्ही राज्यांच्या याद्यांत राहिली. दोन शिधापत्रिका, दोन मतदारयाद्या, दोन शाळा. आणि जमीन? एका दप्तरात महसुलाच्या सदराखाली, दुसऱ्या दप्तरात वनाच्या सदराखाली; कसणारा मात्र मधल्यामध्ये.

म्हणून मला वाटते की टाचण शाळेबाहेर आले पाहिजे. २००६ च्या वनहक्क कायद्याचेच उदाहरण घ्या. जमिनीचा ताबा १३ डिसेंबर २००५ पूर्वीचा असावा लागतो, आणि नियमांप्रमाणे पुरावा एकाहून अधिक प्रकारचा लागतो. गावातले एक गृहस्थ अशा दाव्यासाठी कागदांचे गाठोडे घेऊन माझ्याकडे आले होते. गाठोड्यात सारे होते, पण कशाखाली काय ते कळत नव्हते. आम्ही ओसरीवर बसून साध्या वहीच्या पानावर लिहिले:

१. कुटुंब
  अ. आजपर्यंतची वंशावळ
२. जमीन
  अ. चतुःसीमा
  आ. केव्हापासून कसतो
३. पुरावे
  अ. जुने कागद, पावत्या
  आ. वडीलधाऱ्यांचे लेखी जबाब
  इ. खुणा : विहीर, बांध, स्मशानभूमी

लिहिता लिहिता दिसून आले की ‘आ’ खाली काहीच नाही. दुसऱ्या दिवशी ते शेजारच्या गुड्यावरच्या एका वृद्धाचा जबाब लिहून घ्यायला गेले. गाठोडे घेऊन ते थेट कचेरीत गेले असते, तर ही उणीव तिथल्या टेबलावर कळली असती.

या यादीतली वंशावळ पुन्हा पाहा. जुन्या नोंदींतल्या माणसापर्यंत पोचणारी वंशावळ हा त्या नियमांत मान्य असलेला पुरावा आहे. परधानाने किकरीवर जी परंपरा जपली, तिचा उपयोग असा कागदावरही होऊ शकतो. फक्त ती वेळीच नावानिशी, पिढीनिशी उतरवून घेतली पाहिजे.

तेव्हा शिक्षकमित्रहो, मुलांना टाचण करायला शिकवा, आणि धड्याबरोबर घरच्या गोष्टींचेही करायला सांगा. आजोबांना विचारून वंशावळ लिहा, शेताचे पोटहिस्से लिहा, घरातल्या कागदांची यादी करा. आणि शेतकरी बंधूंनो, भगिनींनो, घरात शिकलेले मूल असेल तर त्याला आज संध्याकाळीच वही घेऊन बसवा. वर कुटुंबाचे नाव, खाली ‘पैकी’, आणि मग एकेक ओळ.